दगडापेक्षा वीट मऊ? : न आवडणाऱ्या उमेदवाराला मत देणारे मतदार

पायवाट

मी गेली २२ वर्षे पेन्सिल्व्हेनियातील बक्स काउंटीत राहतो. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांनी आयुष्यभर प्लंबिंगची कामे केली. दर रविवारी ते न चुकता चर्चमध्ये जातात आणि त्यांच्या घरात कोणाच्या तोंडून शिवी ऐकल्याचे मला तरी आठवत नाही. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांची स्त्रियांविषयीची ती ध्वनिचित्रफीत बाहेर आली, तेव्हा हे गृहस्थ कुंपणापाशी येऊन मला म्हणाले होते की, या माणसाला मी माझ्या दारातही उभा करणार नाही. महिन्याभराने त्यांनी त्याच माणसाला मत दिले आणि ते माझ्यापासून लपवलेही नाही. वर म्हणाले, "मी काही पाद्री निवडत नव्हतो."

हे एकट्यादुकट्याचे प्रकरण नव्हते. त्या निवडणुकीत मतदान केंद्रांबाहेर झालेल्या पाहणीत दर १० मतदारांपैकी ६ जणांनी ट्रम्प यांच्याविषयी प्रतिकूल मत नोंदवले होते, आणि हिलरी क्लिंटन यांच्याविषयी तसेच मत असणारेही निम्म्याहून अधिक होते. दोघेही न आवडणारे सुमारे १८ टक्के होते, आणि त्यांच्यात ट्रम्प यांना क्लिंटन यांच्यापेक्षा बरीच जास्त मते पडली. म्हणजे दोन्ही नावांना नाक मुरडणाऱ्यांनी त्या निकालात मोठाच हातभार लावला.

माझा प्रश्न इतकाच आहे की, जो माणूस आपल्याला मनापासून आवडत नाही त्याला मत देताना मतदार स्वतःला नेमके काय सांगत असतो? ट्रम्प चांगले की वाईट यावर येथे भरपूर धागे आहेत, तेव्हा ती चर्चा कृपया त्या धाग्यांवरच करावी.

कुंपणावरचा

शेवटच्या परिच्छेदातील विनंती आठव्या प्रतिसादापर्यंत टिकेल असा माझा अंदाज आहे. तोवर मी माझ्या नेहमीच्या जागी बसून वाचतो.

तळटीप

तुमच्या शेजाऱ्यांच्या "पाद्री निवडत नव्हतो" या उत्तरात बरेच काही आले आहे, फक्त ते उलगडून पाहायला हवे.

१३ फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचे निधन झाले. अध्यक्ष ओबामा यांनी मार्चमध्ये मेरिक गारलंड यांचे नाव पुढे केले, परंतु सिनेटमधील रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनल यांनी त्यावर सुनावणीच होऊ दिली नाही. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यामुळे, छापली नसली तरी, एक रिकामी खुर्ची होती. ट्रम्प यांनी मे महिन्यात संभाव्य न्यायाधीशांची ११ नावे जाहीर केली आणि सप्टेंबरमध्ये त्या यादीत आणखी नावे घातली. एखाद्या अध्यक्षीय उमेदवाराने अशी यादी आधीच जाहीर करणे ही नवलाची गोष्ट होती, आणि ज्यांना उमेदवार आवडत नव्हता नेमक्या त्याच मतदारांसाठी ती काढलेली होती.

तेथील न्यायाधीशांची नेमणूक तहहयात असते, अध्यक्षाची मुदत चार वर्षांची. मतदाराने हा हिशेब मांडला तर चार वर्षे टीव्हीवर नकोसा चेहरा पाहणे ही तीस वर्षांच्या निकालांची किंमत ठरते. गॉर्सच, कॅव्हनॉ आणि बॅरेट अशा तीन नेमणुका झाल्या आणि २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क देणारा १९७३ चा निर्णय रद्द झाला. तुमचे शेजारी कॅथलिक असतील तर त्यांनी मत कशाला दिले होते हे त्या दिवशी कळले असेल. शिवाय अध्यक्षाबरोबर सुमारे चार हजार राजकीय नेमणुका बदलतात, म्हणजे मतपत्रिकेवर नाव एकाचे असले तरी सत्तेवर येणारी माणसे हजारो असतात.

पायवाट

होय, ते कॅथलिकच आहेत, आणि हा मुद्दा त्यांनीही मांडला होता. तरीही माझे समाधान झाले नाही, ते का ते थोडे थांबून लिहितो.

रेवा

तळटीप यांचा हिशेब नेटका आहे, पण हिशेब मांडणाऱ्याला जेव्हा स्वतःच्या खिशातून काही द्यावे लागत नाही तेव्हा तो नेहमीच नेटका दिसतो. चार वर्षे नकोसा चेहरा पाहण्यापलीकडेही काही किंमत असते, आणि ती पुष्कळदा दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, एवढे नमूद करून माझा अनुभव सांगते, कारण न आवडणाऱ्याला मत देण्याची मक्तेदारी एकाच पक्षाकडे नाही.

मी मिशिगनमध्ये राहते. मार्च २०१६ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, आमच्या राज्यात क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स जिंकले होते आणि मी त्यांच्यासाठी दारोदार फिरले होते. नोव्हेंबरमध्ये क्लिंटन यांना मत देताना माझ्या मनात त्यांच्याविषयी जराही आपुलकी नव्हती. इराक युद्धाच्या बाजूने त्यांनी दिलेले मत मी विसरले नव्हते आणि बड्या बँकांपुढे घसघशीत मानधन घेऊन केलेली भाषणेही विसरले नव्हते. तरीही मी ते वर्तुळ काळे केले. माझ्या एका जिवलग मैत्रिणीने मात्र ग्रीन पक्षाच्या जिल स्टाईन यांना मत दिले. मिशिगनमध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले आणि स्टाईन यांना ५१ हजारांहून अधिक मते होती. त्या हिवाळ्यात मी मैत्रिणीशी तीन महिने बोलले नाही. पुढे तिने मला एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. ती म्हणाली, "तुला न आवडणाऱ्या बाईंना तू मत दिलेस आणि त्या हरल्या. मला आवडणाऱ्या बाईंना मी मत दिले आणि त्याही हरल्या. मग आपल्या दोघींत खोटे कोण बोलले?"

टाकसाळ

रेवा, तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न बिनतोड वाटतो, कारण निकाल लागल्यावर तो विचारला आहे. मत मात्र निकालाआधी द्यावे लागते. फ्लोरिडात २००० साली बुश यांची आघाडी ५३७ मतांची होती आणि ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते पडली होती. त्यांतल्या कोणत्याही एकाला "तू का नाही हात दिलास?" असे विचारता येत नाही, आणि तरीही सगळ्यांना मिळून ते विचारावेसे वाटते.

मुळात हा मतदारांच्या स्वभावाचा प्रश्न कमी आणि मोजणीच्या पद्धतीचा जास्त आहे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, एवढाच नियम असेल तर दोनच मोठे पक्ष टिकतात, कारण तिसऱ्याला दिलेले मत वाया जाण्याची भीती मतदाराला वाटते. फ्रेंच अभ्यासक मॉरिस ड्युव्हर्जे यांनी १९५० च्या दशकातच हे मांडले होते. त्यातून प्रायमरीत मत देणारे लोक सर्वसाधारण निवडणुकीच्या मानाने फार थोडे असतात. ताटात काय वाढायचे हे थोडे लोक ठरवतात आणि नंतर पंगतीतल्या सर्वांना "पानात टाकू नका" असे बजावले जाते.

श्रीलंकेत अध्यक्षीय निवडणुकीत मतदाराला तीन पसंतिक्रम देता येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तेव्हा तेथे प्रथमच दुसरी मोजणी झाली आणि अनुरा कुमार दिसानायके विजयी झाले. तेथे मतदार पहिल्या क्रमांकावर मनातला माणूस आणि दुसऱ्या क्रमांकावर चालवून घेण्याजोगा माणूस लिहू शकतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ही दोन्ही उत्तरे एकाच वर्तुळात कोंबावी लागतात.

जुना वाचक

आपल्या भाषेने या विषयाचा निकाल केव्हाच लावून ठेवला आहे : दगडापेक्षा वीट मऊ. फक्त वीटही डोक्यातच पडणार आहे, हे म्हणीत सांगितलेले नाही.

गंमत अशी की, आपल्याकडे पसंतिक्रमाची सोय आहे, पण ती जनतेला नसून राष्ट्रपती निवडणाऱ्या खासदार-आमदारांना आहे. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवरच निवडून आले होते. आणि न आवडणाऱ्याला पाठिंबा देण्याचा विषय निघालाच आहे, तर २०१२ साली ममता बॅनर्जी यांनी प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा जाहीर करताना तो जड अंतःकरणाने देत असल्याचे उघड सांगितले होते. मतपेटीला अंतःकरणाचे वजन कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे २०१३ पासून नोटा आहे. तशी काही सोय अमेरिकेत का नाही?

तळटीप

एका राज्यात आहे. नेवाडाच्या मतपत्रिकेवर १९७० च्या दशकापासून "यांपैकी एकही उमेदवार नाही" असा पर्याय असतो. २०१६ मध्ये तेथे क्लिंटन सुमारे २७ हजार मतांनी जिंकल्या आणि या पर्यायाला २८ हजारांहून अधिक मते पडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर नेवाडातील रिपब्लिकन प्रायमरीत निकी हेली या पर्यायाकडून चक्क हरल्या. ट्रम्प यांचे नाव त्या मतपत्रिकेवर नव्हतेच. अर्थात नोटाप्रमाणेच तेथेही तो पर्याय पहिला आला तरी खुर्ची माणसालाच मिळते.

कुंपणावरचा

म्हणजे माझ्यासारख्यांचा हक्काचा उमेदवार नेवाडात आहे आणि तो जिंकतोही. सामान बांधायला घेतो.

ओसरी

मी फ्रान्समध्ये ल्यों येथे राहते. ज्या घटनेमुळे हा विषय माझ्या मनात कायमचा बसला ती सांगते.

२००२ साली मी येथे विद्यार्थिनी होते आणि मला मताचा अधिकार नव्हता. अध्यक्षीय निवडणुकीच्या २१ एप्रिलच्या पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. समाजवादी पंतप्रधान ल्योनेल जोस्पँ दुसऱ्या फेरीत जाणार हे सर्वांनी गृहीत धरले होते, म्हणून डाव्या मतदारांनी पहिल्या फेरीत आपापल्या आवडीच्या छोट्या उमेदवारांना मते दिली. रात्री निकाल लागला तेव्हा तत्कालीन अध्यक्ष शिराक यांना १९.९ टक्के, अतिउजव्या ज्याँ-मारी ल पेन यांना १६.९ टक्के आणि जोस्पँ यांना १६.२ टक्के मते होती. ज्यांनी आवडीने मत दिले होते त्यांच्यापुढे दोन आठवड्यांनी दोनच नावे उरली, आणि त्यांना दोन्हीही नको होती. शिराक यांच्यामागे पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातील गैरव्यवहारांचे आरोप होते, आणि २०११ मध्ये ते त्यांतील एका प्रकरणात दोषीही ठरले. त्या वेळी भिंतीभिंतींवर घोषणा होती की, फॅसिस्टापेक्षा लफंग्याला मत द्या. नाकाला कपड्याचा चिमटा लावून किंवा हातमोजे घालून मतदानाला जाण्याच्या गोष्टी लोक करत होते. शिराक ८२ टक्के मतांनी निवडून आले.

पुढे मला नागरिकत्व मिळाले आणि २०१७ व २०२२ मध्ये माझ्यावर तीच वेळ आली. येथे प्रत्येक उमेदवाराच्या नावाची वेगळी चिठ्ठी असते. मेजावरून निदान दोन चिठ्ठ्या उचलायच्या, पडद्याआड जाऊन एक लिफाफ्यात घालायची आणि उरलेली चुरगळून टाकायची, अशी रीत आहे. २०२२ मध्ये दोन्ही चिठ्ठ्या चुरगळाव्यात असे मला वाटले होते. शेवटी मॅक्राँ यांची चिठ्ठी मी घडी न घालता लिफाफ्यात कोंबली, जणू त्यांना तेवढीच शिक्षा. माझ्या नवऱ्याने रिकामा लिफाफा टाकला. २०१७ मध्ये कोऱ्या आणि बाद मतांची संख्या ४० लाखांवर गेली होती, तेव्हा तो एकटा नव्हता.

विजयाच्या रात्री मॅक्राँ यांनी मान्य केले की, अनेकांनी त्यांच्या विचारांना नव्हे, तर अतिउजव्यांना रोखण्यासाठी मत दिले आहे. वर्षभरात त्यांनी निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करणारा कायदा कनिष्ठ सभागृहात अंतिम मतदान न घेता, घटनेच्या कलमाचा आधार घेऊन रेटला. मला राग त्या कायद्यापेक्षा या गोष्टीचा आला की, आम्ही उसने दिलेले मत त्यांनी स्वतःच्या कमाईसारखे खर्च केले. मतपत्रिकेवर "उसने" असे लिहिण्याची सोय कोणत्याच देशात नाही.

जुना वाचक

ओसरीताई, तुमच्या फ्रेंच घोषणेची थोरली बहीण अमेरिकेत होती. लुइझियानात १९९१ साली राज्यपालपदासाठी एडविन एडवर्ड्स आणि कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचे माजी नेते डेव्हिड ड्यूक समोरासमोर आले, तेव्हा गाड्यांवर स्टिकर लागले होते : "चोराला मत द्या, ते महत्त्वाचे आहे." एडवर्ड्स सुमारे ६१ टक्के मतांनी जिंकले, २००० मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरले आणि पुढे तुरुंगातही गेले. मतदारांना कोणी फसवले असे म्हणताच येणार नाही, कारण त्यांनी जे लिहिले होते तेच खरे निघाले.

अधिक_उणे

आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत असे गृहीत धरले आहे की, नावड ही स्थिर असते आणि मतदार ती सांभाळून ठेवतो. माझे निरीक्षण नेमके उलट आहे.

माझे मेहुणे टेक्सासमध्ये असतात. २०१६ मध्ये त्यांचा शब्द "नाइलाज" होता. २०१८ मध्ये "बोलतो वाईट, पण काम करतो" असे झाले. २०२० मध्ये आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ट्रम्प-समर्थकांची लाल टोपी गाडीच्या डॅशबोर्डवर होती, आणि गेल्या वर्षी ती डोक्यावर होती. मधल्या काळात उमेदवार बदलला नव्हता. ज्याला मत दिले त्याच्यावर कोणी टीका केली की ती आपल्या निवडीवरची टीका वाटते, मग आपण त्याच्या बाजूने बोलू लागतो, आणि रोज ज्याच्या बाजूने बोलावे लागते तो माणूस काही काळाने आवडू लागतो. नेत्यांचेही तेच झाले. २०१६ च्या प्रायमरीतले प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांच्या पत्नीची ट्रम्प यांनी टर उडवली होती, त्यांच्या वडिलांचे नाव केनेडी यांच्या मारेकऱ्याशी जोडले होते. जुलै २०१६ च्या पक्षाच्या अधिवेशनात क्रूझ यांनी "सदसद्विवेकाला स्मरून मत द्या" असे सांगून हुर्यो ओढवून घेतली आणि सप्टेंबरमध्ये पाठिंबा जाहीर केला. जे. डी. व्हान्स तर २०१६ मध्ये ट्रम्प यांचे कडवे टीकाकार होते. आज ते उपाध्यक्ष आहेत.

रेवा

नेत्यांचे उदाहरण मला येथे पटत नाही. क्रूझ आणि व्हान्स यांना मन बदलण्याचा मोबदला मिळण्याजोगा होता. तुमच्या मेहुण्यांना काय मिळाले?

अधिक_उणे

टोपी. पण प्रश्न रास्त आहे. मला वाटते त्यांना सोबत मिळाली. त्यांच्या रविवारच्या गोल्फच्या गटात नाइलाजाने मत देणारे ते एकटेच उरले होते.

सांजवेळ

माझ्या सासऱ्यांचे उदाहरण अधिक_उणे यांच्या म्हणण्यात बसत नाही, म्हणून लिहिते. ते न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतात आणि त्यांचे किराणा मालाचे लहान दुकान आहे. त्यांनी २०२४ मध्ये ट्रम्प यांना मत दिले. त्यांना ट्रम्प यांचा आवाज सहन होत नाही. बातम्यांत त्यांचे भाषण लागले की सासरे रिमोटने आवाज बंद करतात, खालची पट्टी वाचतात आणि भाषण संपले की पुन्हा आवाज सुरू करतात. हे आजही चालू आहे. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, २०२२ च्या उन्हाळ्यात महागाई ९ टक्क्यांवर गेली तेव्हा गल्ल्यावर बसून लोकांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, सरकारने नाही. गणेशोत्सवात मंडळाच्या जेवणाला कोणीतरी त्यांना ट्रम्प-समर्थक म्हणाले, तर ते खरोखर दुखावले गेले. "मी त्यांना काढायला मत दिले, यांना आणायला नाही," असे ते म्हणाले. आता दोनच पर्याय असताना काढणे आणि आणणे ही एकच क्रिया असते हे मी त्यांना सांगून पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि रिमोट उचलला.

टाकसाळ

सांजवेळ, तुमच्या सासऱ्यांचे वाक्य हास्यास्पद नाही. त्यांनी दुकानदाराच्या नात्याने पुरवठादार बदलला, नव्या पुरवठादाराला जावई करून घेतले नाही. मला उलट प्रश्न पडतो की, उमेदवार आवडलाच पाहिजे ही अपेक्षा तरी आपण कोठून आणली?

ओसरी

अध्यक्षपद हे पुरवठादाराचे पद नाही, म्हणून ती अपेक्षा येते. पंतप्रधान नको झाला तर संसद त्याला काढू शकते. अध्यक्ष मात्र मुदतभर राहतो, देशाच्या नावाने बोलतो, शहीदांच्या शवपेट्यांपुढे तोच उभा राहतो आणि शाळकरी मुले त्याचेच चित्र काढतात. सरकार चालवणारा आणि देशाचा चेहरा, असे दोन वेगळे अर्ज एकाच माणसाने भरलेले असतात. तुमचे सासरे पहिल्या अर्जाला मत देतात आणि दुसऱ्याचा आवाज बंद करतात, असे मला वाटते.

तळटीप

ओसरी यांच्या या मुद्द्याला पूर्ण सहमती. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी फक्त पहिल्या अर्जाचा हिशेब मांडला होता, हे रेवा यांचे म्हणणे आता मान्य करतो.

कुंपणावरचा

आठव्या प्रतिसादाची पैज मी हरलो आहे. अजून कोणीही कोणाला देश सोडून जायला सांगितलेले नाही, त्यामुळे मला फार अस्वस्थ वाटते.

पायवाट

सर्वांचे आभार. हा धागा वाचता वाचता मी परवा शेजाऱ्यांशी पुन्हा बोललो. मला छळणारा प्रश्न असा होता की, त्यांनी न्यायालयासाठी मत दिले होते आणि ते काम २०२२ मध्ये झाले, मग २०२४ मध्ये त्यांना पुन्हा तेच मत देण्याचे काय कारण होते? ते अधिक_उणे यांच्या मेहुण्यांसारखे बदललेले नाहीत. त्यांच्या अंगणात पाटी नाही, टोपी नाही, आणि त्या माणसाला आजही ते दारात उभे करणार नाहीत.

ते बराच वेळ गवत कापायच्या यंत्राशी खुडबुड करत राहिले. मग म्हणाले की, २०२२ मध्ये मलाही वाटले होते, झाले आपले काम, आता मोकळा झालो. पण त्याआधीच्या सहा वर्षांत त्यांचे धाकट्या मुलीशी या एका माणसावरून इतके बिनसले होते की, ती दोन नाताळांना घरी आली नव्हती. "मी आता त्याला सोडले असते," ते म्हणाले, "तर ती दोन वर्षे ती बरोबर होती आणि मी चूक होतो असे झाले असते. तिने तसे म्हटले नसते. ती चांगली मुलगी आहे. पण मला ठाऊक असते."

रेवा

मुलीने कोणाला मत दिले होते?

पायवाट

२०२० मध्ये बायडेन यांना. तेही मी त्यांना विचारले. म्हणाले, तिला तो म्हातारा मुळीच आवडत नव्हता.